छत खरवडण्यापूर्वी

1973 ते 1978 अशी पाच वर्षं अमेरिकेत एक चमत्कारिक नियम लागू होता. आगीपासून बचाव म्हणून किंवा उष्णता अडवण्यासाठी इमारतीत ॲस्बेस्टॉस फवारायला बंदी होती. शोभेसाठी फवारायला मात्र मोकळीक होती. हा नियम करणाऱ्या पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात काय करतात हे ठाऊक होतं. पण बंदी घातली ती फवारणीच्या हेतूनुसार, आणि झोपायच्या खोलीचं छत दाणेदार दिसावं हा हेतू त्यात बसत नव्हता. 1978 मध्ये ही फट बुजवली गेली. आधीच तयार झालेला माल त्यानंतरही खपत राहिला, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या घरांतही तो सापडतो.

या छताला तिकडे पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात. पांढरं, खरखरीत, फुटलेल्या लाह्या चिकटवल्यासारखं. आज ते जुनाट दिसतं, खोली अंधारी करतं, कोळिष्टकं धरतं. त्यामुळे जुनं घर घेतलेल्या कुटुंबाच्या कामांच्या यादीत ‘छत गुळगुळीत करणं’ हे काम हमखास असतं. न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया, तिकडे कॅनडात टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची घरंही त्याच काळातली आहेत. मजुरी महाग, कामाचे व्हिडिओ फुकट, आणि शनिवार-रविवार मोकळा. शिडी, स्क्रेपर, जमिनीवर जुन्या चादरी, की झालं काम सुरू.

काम खरोखर सोपं असतं. छत भराभर सुटतं आणि धूळ खाली पडते. तिच्यातला जो भाग खाली पडत नाही, तो या लेखाचा विषय आहे.

फवारा का मारला

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरं झपाट्याने बांधली गेली. ओल्या गिलाव्याची जागा जिप्समच्या तयार फळ्यांनी घेतली. फळ्या ठोकायला वेळ लागत नाही, पण दोन फळ्यांमधला सांधा दिसू नये असा भरून घासणं हे कसबी कारागिराचं काम आहे. त्यातही छतावर खिडकीतला उजेड तिरपा पडतो आणि बारीकसा उंचवटाही उठून दिसतो. दाणेदार मिश्रणाचा फवारा मारला की सांधे, खिळ्यांची डोकी, कारागिराची घाई असं सगळंच झाकलं जाई. वर खोलीतला आवाजही थोडा कमी घुमे. बिल्डरचे दिवस वाचत, गिऱ्हाइकाला नवी फॅशन मिळे.

या मिश्रणात ॲस्बेस्टॉस बहुधा एक ते दहा टक्के असे. त्याच्या तंतूंमुळे ओलं मिश्रण छताला धरून राही, ओघळत नसे, आणि आगीतही टिके. स्वस्त आणि हलकं असं हे खनिज त्या काळी ब्रेकच्या लायनिंगपासून जमिनीवरच्या टाइल्सपर्यंत तीनेक हजार वस्तूंत होतं. छत ही त्यातली एक वस्तू, पण सहज भुगा होणारी. सिमेंटमध्ये घट्ट बसलेला तंतू सुटायला जोर लावावा लागतो. फवारलेलं छत मात्र बोटांनी चुरडता येतं.

काळ लांबवणारा आजार

ॲस्बेस्टॉसचे दगड दोन कुळांतले. एका कुळात पांढरं, म्हणजे क्रायसोटाइल. त्याचे तंतू कुरळे. दुसऱ्यात निळं आणि तपकिरी. त्यांचे तंतू सुईसारखे सरळ आणि शरीरात अधिक काळ टिकणारे. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार माणसाला कर्करोग करणारे म्हणून पहिल्या गटात टाकले आहेत. घातक तंतू तीन मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांनी ठसकाही लागत नाही.

फुप्फुसात शिरलेला कण गिळून संपवणाऱ्या पेशी या तंतूपुढे हरतात, कारण तो त्यांच्यापेक्षा लांब असतो. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. त्यातून फुप्फुस घट्ट होत जातं, हा ॲस्बेस्टॉसिस. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. काहींत तंतू फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथे मेसोथेलिओमा होतो. हा कर्करोग ॲस्बेस्टॉसखेरीज क्वचितच आढळतो. तंतू शिरणं आणि आजार दिसणं यांत साधारण वीस ते चाळीस वर्षं जातात, कधी त्याहूनही जास्त.

या विलंबानेच सगळा घोळ झाला आहे. इंग्लंडात रॉचडेलच्या कारखान्यात सूत काढणारी नेली केरशॉ 1924 मध्ये वारली. तिच्या फुप्फुसातले तंतू डॉ. विल्यम कुक यांनी दाखवून दिले. 1930 मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, पुढच्याच वर्षी कारखान्यांतल्या धुळीवर ब्रिटनमध्ये नियम झाले. 1960 मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण मांडले, आणि त्यांतले काही जण खाणीत कधी कामाला नव्हतेच, फक्त तिच्या आसपास राहिले होते. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी इमारतींत ॲस्बेस्टॉसची आवरणं बसवणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतकं सगळं माहीत झाल्यावरही छतं फवारली जात होती. ज्या वर्षी फवारलं त्या वर्षी कुणीही आजारी पडत नव्हतं. आजार आला तेव्हा बिल्डर, माल पुरवणारा, घरमालक सगळे बदललेले असत.

घाबरण्याचं कारण, न घाबरण्याचंही

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण भीतीनेही माणसं चुकीचं करतात. अशा छताखाली नुसतं राहिल्याने कुणी आजारी पडतं असं समजायचं कारण नाही. थर शाबूत असेल, गळतीने फुगला नसेल, पोपडे पडत नसतील, तर तंतू जागच्या जागी राहतात. म्हणून ईपीएचा सल्लाही हाच: चांगल्या अवस्थेतल्या मालाला हात लावू नका. धोका निर्माण होतो तो कोरडं छत खरवडताना, घासताना, पंखा बसवायला भोक पाडताना, किंवा वरच्या मजल्यावरची गळती मुरून तुकडे पडू लागले की.

छतात ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसतं पाहून जाणकारालाही सांगता येत नाही. बांधकामाचं साल नुसता अंदाज देतं. खात्री प्रयोगशाळेतच होते. छतावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, ओला तुकडा काढून पिशवीत बंद करायचा, उघडी जागा रंगाने किंवा चिकटपट्टीने झाकायची. फवाऱ्यात मिश्रण सगळीकडे सारखं बसत नाही, म्हणून एका तुकड्यावर विसंबायचं नसतं. शाळांसाठी 1986 च्या कायद्याखाली जे नियम झाले, त्यांनुसार हजार चौरस फुटांपर्यंत तीन, पाच हजारांपर्यंत पाच आणि त्यापुढे सात नमुने घ्यावे लागतात. प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात. एका नमुन्याचा खर्च फार नसतो.

निकाल एक टक्क्याहून जास्त आला की तो माल कायद्याने ॲस्बेस्टॉसयुक्त ठरतो. ही एक टक्क्याची रेघ आरोग्याच्या मोजमापावरून आखलेली नव्हती. 1973 च्या नियमात जाणूनबुजून ॲस्बेस्टॉस घातलेला माल वेगळा काढायचा होता, त्यासाठी ती होती. त्यामुळे अर्ध्या टक्क्याचं छत कोरडं खरवडायला निर्धोक, असा तिचा अर्थ होत नाही.

पुढे तीन वाटा आहेत. छत तसंच ठेवायचं आणि त्याची नोंद ठेवायची. किंवा त्यावर थर बंद करणारा लेप द्यायचा, अथवा खालून नवी फळी ठोकून ते झाकायचं. किंवा ते काढायचं. ही सर्वांत महाग वाट. खोली प्लॅस्टिकने बंद करतात, हवा गाळणाऱ्या यंत्राने आतला दाब कमी ठेवतात म्हणजे हवा बाहेर न जाता आत येते, छत भिजवून काढतात, कचरा दुहेरी पिशव्यांत सील करतात आणि शेवटी हवेची तपासणी करतात. ज्या छतावर मध्यंतरी कुणी ऑइल पेंट मारला असेल ते पाणी पीत नाही, म्हणून तिथे काम अधिक अवघड. कोविडात सगळ्यांनी वापरलेला एन-95 मास्क या कामाला चालत नाही. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ही धूळ उचलली, तर बारीक तंतू त्याच्या मागून पुन्हा खोलीत येतात.

आता कायद्यातली गंमत. 1978 पूर्वीचं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल माहिती देणं अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. ॲस्बेस्टॉसबद्दल असं केंद्रीय बंधन नाही. काय सांगायचं ते राज्यागणिक बदलतं. पाडकाम आणि दुरुस्तीचे केंद्रीय नियमही चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या निवासी इमारतीला लागू होत नाहीत. म्हणजे कार्यालय, शाळा, मोठी इमारत यांवर नियम आहेत, आणि ज्या बैठ्या घराच्या छताला कुटुंबातला माणूस स्वतः शिडी लावतो, तिथे ते सर्वांत विरळ आहेत. म्हणून जुनं घर घेताना इन्स्पेक्टरला हा प्रश्न आपणच विचारावा लागतो. पोटमाळ्यावरही नजर टाकावी. तिथे चमकदार, खडीसारखं व्हर्मिक्युलाइट पसरलेलं असेल तर ते हलवू नये. अमेरिकेतलं बहुतांश व्हर्मिक्युलाइट 1990 पर्यंत मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून येत होतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. त्या गावात माणसं इतकी आजारी पडली की 2009 मध्ये ईपीएने तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

ब्रिटन आणि कॅनबेरा

ब्रिटनमध्ये याच जातीचं छत आर्टेक्स या नावाने ओळखलं जातं. कंगव्याने काढलेली अर्धवर्तुळं, ब्रशने उठवलेली टोकं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यात थोडं पांढरं ॲस्बेस्टॉस असे. पण ते अमेरिकी पॉपकॉर्नपेक्षा घट्ट; कामाच्या वेळी हवेत मोजलेले तंतूही कमी निघाले. म्हणून 2006 मध्ये तिथल्या सरकारने आर्टेक्स काढण्याचं काम परवान्याच्या सक्तीतून वगळलं. भिजवणं, मास्क, प्रशिक्षण हे राहिलंच. म्हणजे छतागणिक धोका वेगळा असतो, आणि मोजणी करून नियम सैलही करता येतो.

तरी ब्रिटनमधली एक गोष्ट विसरू नये. तिथे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरची बंदी 1999 ची. आजही ॲस्बेस्टॉसच्या आजारांनी वर्षाला पाच हजारांच्या आसपास माणसं दगावतात. यात प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन अशा हातकाम करणाऱ्यांचा आकडा सरकारच्या आरोग्य-सुरक्षा विभागाने आपल्या मोहिमेत आठवड्याला 20 असा दिला होता. छताखाली झोपणाऱ्यापेक्षा छतात भोक पाडणारा जास्त मरतो. त्याने असं भोक एकदा पाडलेलं नसतं. रोज, वेगवेगळ्या घरांत, तीस वर्षं पाडलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत निराळंच घडलं. 1968 ते 1979 या काळात कॅनबेरातल्या हजाराहून अधिक घरांच्या छतावरच्या पोकळीत एका कंत्राटदाराने सुटं ॲस्बेस्टॉस भुसभुशीत कापसासारखं पंपाने भरलं. लोक त्याला मिस्टर फ्लफी म्हणत. ऐंशीच्या दशकाअखेर सरकारने मोहीम काढून ते उपसलं. पण तंतू भिंतींच्या पोकळ्यांत, फटींत, जमिनीखाली उतरलेले होते. 2014 मध्ये सरकारने अब्ज डॉलरचं कर्ज काढून ती घरं विकत घ्यायला आणि पाडायला सुरुवात केली. एका कंत्राटदाराच्या दहा-अकरा वर्षांच्या कामाची ही किंमत, आणि ती भरली करदात्यांनी.

आपल्या डोक्यावर काय आहे

महाराष्ट्रातल्या घरांत पॉपकॉर्न सीलिंग नाही. आपलं पीओपीचं फॉल्स सीलिंग मुळात जिप्समचं. जुन्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत छताला किंवा पार्टिशनला लावलेल्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या सपाट फळ्या मात्र आढळतात. आपला खरा ॲस्बेस्टॉस उघड्यावर आहे, आणि तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे: सिमेंटचा पन्हळी पत्रा.

मुंबईतल्या झोपडपट्ट्या, मुलुंड-भांडुपपासून पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या शेड, झेडपीच्या शाळा, बाजार समित्यांची गोदामं, गोठे, कुक्कुटपालनाच्या शेड, चाळींच्या गच्चीवरची आच्छादनं. लोकांनी हा पत्रा मूर्खपणाने निवडला नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजतो, हा गंजत नाही. पावसात तो टिनासारखा वाजत नाही, उन्हात टिनाइतका तापत नाही, कौलांसारखी दरवर्षी शाकारणी मागत नाही, आणि स्वस्त आहे. त्यात दहा टक्क्यांच्या आत-बाहेर पांढरं ॲस्बेस्टॉस असतं. बाकी सिमेंट आणि राख. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले, त्यामुळे शाबूत पत्रा हा पॉपकॉर्न छतापेक्षा बराच सुरक्षित. उद्योगाचा युक्तिवाद इथवरच येतो आणि थांबतो.

पण पत्र्याचं आयुष्य शाबूत जात नाही. बसवताना ग्राइंडरने कापतात. पांढरा लोट उठतो, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर फार तर रुमाल असतो. हुक बसवायला ड्रिलने भोकं पाडतात. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगवाला शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने तो घासतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात पत्रे उडाले, फुटले, आणि लोकांनी ते हातांनी गोळा केले. फुटके तुकडे पुढे कुठे जातात? खड्ड्यात, पायवाटेच्या भरावात, चुलीच्या आडोशाला. आणि पुनर्विकासात जुनी शेड पाडायची असते तेव्हा नट गंजलेले असतात, म्हणून पत्रा सोडवत बसत नाहीत. हातोड्याने फोडून खाली ढकलतात.

छत खरवडणं ते हेच. तिकडे शिडीवर घरमालक, इकडे पत्र्यावर नाक्यावरून आणलेला बिगारी.

फाटकाच्या आतला कायदा

भारताचं धोरण उलटसुलट आहे. 1986 नंतर ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबलं, 1993 पासून जुन्यांचं नूतनीकरणही. दुसऱ्या देशातून ॲस्बेस्टॉसचा कचरा आणायला मनाई आहे. फ्रान्सची क्लेमांसो ही युद्धनौका त्यातल्या ॲस्बेस्टॉसमुळेच 2006 मध्ये अलंगच्या वाटेवरून माघारी बोलावली गेली. पण कच्चं ॲस्बेस्टॉस आयात करायला हरकत नाही. गेल्या दशकात बहुतेक वर्षी ते तीन लाख टनांहून अधिक आलं. आपण जगातले सर्वांत मोठे आयातदार आहोत. माल येतो रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये आपल्या देशात त्यावर बंदी घातली, तरी निर्यातीसाठीचं उत्खनन सुरूच राहिलं. कॅनडाने 2018 मध्ये बंदी आणली, आणि क्वेबेक प्रांतातल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या खाणगावाने 2020 मध्ये आपलं नावच बदललं. ॲस्बेस्टॉसवर बंदी घातलेले देश पन्नासच्या वर आहेत. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर नियम केला तो 2024 मध्ये. 1989 ची व्यापक बंदी तिथल्या न्यायालयाने 1991 मध्ये बहुतांशी रद्द केली होती.

कामगारांसाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी महत्त्वाचा निकाल दिला. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हणून न्यायालयाने कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षं, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवा. आजार किती उशिरा येतो हे ओळखून दिलेला हा आदेश होता. मुंबईतही त्याची गरज दिसून आली. घाटकोपरच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची डॉ. मुरलीधर आणि कान्हेरे यांनी तपासणी केली, तेव्हा साधारण पाचातल्या एकाला ॲस्बेस्टॉसिस निघाला. 2005 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

हा निकाल कारखान्याच्या फाटकाच्या आत लागू पडतो. पत्रा ट्रकमध्ये चढून बाहेर पडला की तो कापणाऱ्याची, घासणाऱ्याची, फोडणाऱ्याची नोंद कुठेही होत नाही. आज परभणीहून आलेला, उद्या दुसऱ्या साइटवर, पावसाळ्यात गावी. त्याला साठीत धाप लागू लागली, तर डॉक्टर आधी क्षयाची तपासणी करतील, मग बिडी विचारतील. ‘तुम्ही 1998 मध्ये कोणत्या छतावर काम केलंत’ असं कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी त्याला आठवणार नाही.

निविदेतली एक ओळ

सगळे पत्रे उद्याच काढून टाका, असं म्हणणं सोपं आणि चुकीचं आहे. गरिबाचं छप्पर उतरवून त्याला ताडपत्रीखाली बसवणं याला आरोग्य म्हणत नाहीत, आणि घाईने फोडलेला पत्रा जागेवर असलेल्यापेक्षा घातक. नवं छप्पर घालताना पर्याय आहेत: ॲस्बेस्टॉसऐवजी पीव्हीए आणि सेल्युलोजचे तंतू घातलेले सिमेंटचे पत्रे, रंगाचा थर दिलेले धातूचे पत्रे, मंगलोरी कौलं. विकत घेताना ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असं बिलावर लिहून मागावं. जुना, शाबूत पत्रा राहू द्यावा. घासू नये, त्यावर चढू नये. तो माणसाचं वजन पेलत नाही, म्हणून माणसं थेट खाली कोसळतात ते वेगळंच.

उतरवायचाच असेल तर पद्धत अवघड नाही. पत्रा आधी पाण्याने भिजवायचा. गंजलेला नट सुटत नसेल तर पत्रा न फोडता बोल्ट कापायचा. अख्खा पत्रा खाली घ्यायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. कापावाच लागला तर ओला करून हातकरवतीने, ग्राइंडरने नाही. कामगाराला योग्य गाळणीचा मास्क द्यायचा, आणि कामाचे कपडे घरी नेऊ द्यायचे नाहीत, कारण ते झटकणाऱ्या बायकोच्या श्वासातही तंतू जातात. जगभर अशा रुग्णांची नोंद झालेली आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत. ती कारखान्यांसाठी उभारलेली. चाळीतल्या दहा पत्र्यांना तिथवर पोचवणारी वाट महापालिकांनी आखायला हवी.

मात्र कायद्याची वाट पाहत बसावं लागत नाही, अशी एक जागा आहे. हा अंक वाचणाऱ्यांत सोसायटीचे सचिव असतील, शाळेच्या व्यवस्थापनात असलेले असतील, लहान कारखानदार असतील, सरपंच असतील. पुनर्विकासाची किंवा दुरुस्तीची निविदा त्यांच्या सहीने निघते. त्या निविदेत ‘पाडकामापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी, पत्रे न फोडता ओले उतरवणं आणि त्यांची विल्हेवाट’ अशी वेगळी बाब घाला, आणि तिच्यासमोर वेगळा दर मागा. दर नसलेली बाब कोणताही कंत्राटदार पाळत नाही, त्याला ती परवडत नाही. दर लिहिला की ते काम होतं, आणि झालं नाही तर बिल अडवता येतं. हा खर्च पाडकामाच्या एकूण आकड्यात फार मोठा नसतो. तो तुम्ही भरला नाही म्हणून वाचत नाही. वीस-तीस वर्षांनी कुठल्या तरी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तो भरला जातो, तुमची सही ज्याने कधी पाहिली नाही अशा माणसाकडून.